दीड सेंटिमीटरचा अडसर

रेंजफाइंडर कॅमेरा वापरणाऱ्या चष्मेवाल्यांची एक तक्रार पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे: चष्मा लावून पाहिलं तर चौकटीचे कोपरे दिसत नाहीत आणि चष्मा काढला तर चौकटच धड दिसत नाही. या तक्रारीची दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, कॅमेरे घडवणाऱ्या इंजिनिअरांना चष्मेवाल्यांचं भान नव्हतं. दोन, दोष डोळ्यांचा आहे, त्यात कॅमेऱ्यानं काय करावं? दोन्ही उत्तरं सोयीची आहेत आणि दोन्ही पुराव्यावर टिकत नाहीत. १९३३ सालच्या लायकावर चष्मेवाल्यांच्या कामी येणारी कळ होती, म्हणजे भान होतं. आणि १९५५च्या सोव्हिएत कॅमेऱ्यावर तशी कळ असताना त्याच्या एक वर्ष आधीच्या, जगातल्या सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यावर ती नव्हती. तेव्हा सगळा दोष डोळ्यांवर ढकलता येत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये जग किती मोठं दाखवायचं, या एका निर्णयातून ही अडचण जन्माला आली असं मला वाटतं. तो निर्णय अचूक फोकसच्या बाजूनं घेतला गेला. त्याची किंमत ज्यांना मोजावी लागली, त्यांच्या नाकावर चष्मा होता.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बोलताना त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली स्पष्टतेची. डोळ्याला नंबर असेल तर व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा धूसर दिसते; तो नंबर नेत्रिकेतच, म्हणजे डोळा लावायच्या काचेतच, भरून काढला तर ती स्पष्ट होते. दुसरी अंतराची, आणि ती जास्त चिवट आहे. चष्म्याची काच बुबुळापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर दूर असते. काचेची जाडी, फ्रेमची कड आणि नेत्रिकेभोवतालचं कडं यांची भर पडली की चष्मेवाल्याचा डोळा इतरांच्या डोळ्यापेक्षा निदान दीड सेंटिमीटर मागे राहतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर म्हणजे मुळात उलटी धरलेली गॅलिलिओची दुर्बीण: पुढे अंतर्गोल भिंग, मागे बहिर्गोल. तिच्यातून प्रतिमा सुलट आणि लहान दिसते. पण नेत्रिकेच्या मागे डोळा नेमका कुठे ठेवावा, अशी ठरलेली जागा या रचनेत नसते. डोळा जितका जवळ तितका देखावा रुंद. खिडकीला नाक लावून उभं राहिलं तर रस्त्याची दोन्ही टोकं दिसतात आणि पावलाभर मागे सरलं की फक्त समोरचं दुकान उरतं, तसंच हे. नंबर कितीही अचूक भरून काढला तरी हे दीड सेंटिमीटर भरून निघत नाहीत.

लायकाचा जन्म झाला तेव्हा हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. वेट्झ्लारच्या एर्न्स्ट लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बारनाकनं घडवलेला लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत बाजारात आला. त्यात फोकस डोळ्यांनी पाहून जुळवण्याची कोणतीही सोय नव्हती. अंतर अंदाजानं किंवा वरून लावायच्या वेगळ्या अंतरमापकानं ठरवायचं आणि माथ्यावरच्या चिमुकल्या नळीतून चौकटीचा अदमास घ्यायचा. १९३२च्या लायका दोनमध्ये अंतरमापक कॅमेऱ्याच्या अंगात आला आणि पाठीमागे दोन भोकं झाली: एकातून चौकट पाहायची, दुसऱ्यातून फोकस. फोकसच्या भोकात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की अंतर जुळलं. या मापकाची अचूकता दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते: त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर, म्हणजे पाया, आणि प्रतिमेचं विवर्धन. लायकाचं अंग लहान, त्यामुळे पाया जेमतेम ३९ मिलिमीटर. म्हणून १९३३च्या लायका तीनमध्ये फोकसच्या भोकात दीडपट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण बसवली गेली. प्रभावी पाया ५८ मिलिमीटरच्या आसपास गेला. त्याच नेत्रिकेभोवती एक छोटी कळ आली. ती फिरवली की प्रतिमा पाहणाऱ्याच्या नंबराप्रमाणे स्पष्ट व्हायची.

ही कळ चष्मेवाल्यांसाठीच होती, असा दावा केला तर कुणीही जाणकार लगेच अडवेल आणि त्याचं बरोबर असेल. दीडपट दुर्बिणीला दूरच्या आणि जवळच्या वस्तूंसाठी थोडी जुळवणी लागतेच आणि ती कळ त्याही कामाला यायची. पण हेतू दुहेरी असला तरी परिणाम बदलत नाही: मध्यम मायनस किंवा प्लस नंबर असलेला माणूस चष्मा कपाळावर सरकवून फोकस जुळवू शकत होता. दोन भोकांच्या रचनेचा आणखी एक फायदा होता, त्याची नोंद फारशी होत नाही. फोकसच्या भोकातून सगळा देखावा दिसण्याची गरजच नव्हती; मधला तुकडा पुरे. चष्मा लावून डोळा मागे राहिला तरी तेवढा तुकडा दिसायचाच. चौकटीच्या भोकाचं मात्र कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. ते लहान आणि अंधारं होतं आणि चष्म्यामागून त्याच्या कडा हमखास कापल्या जायच्या. पण त्यावरही तोड होती: माथ्यावरच्या खाचेत लाइट्झचाच वेगळा, मोठा व्ह्यूफाइंडर सरकवायचा. थोडक्यात, तीसच्या दशकातली ही जुनाट वाटणारी व्यवस्था चष्मेवाल्याच्या दोन अडचणी दोन भोकांमध्ये वाटून टाकत होती.

ही वाटणी मोडली ती सोयीसाठी. डोळा एका भोकावरून दुसऱ्यावर नेईपर्यंत समोरचा प्रसंग निघून जातो ही तक्रार रास्त होती आणि झाइस इकॉननं १९३६च्या कॉन्टॅक्स दोनमध्ये ती दूर केली. चौकट आणि फोकस एकाच नेत्रिकेत आले, पाया तब्बल ९० मिलिमीटरचा. लाइट्झनं तिकडे लगेच धाव घेतली नाही. १९३८च्या लायका तीन-बीमध्ये दोन भोकं फक्त एकमेकांच्या शेजारी आणली गेली. पण दिशा ठरली होती. आता एकाच खिडकीनं दोन कामं करायची होती. फोकस अचूक हवा म्हणून प्रतिमा मोठी हवी. चौकट पूर्ण दिसावी म्हणून प्रतिमा लहान हवी. डोळा नेत्रिकेला टेकवता येणाऱ्यासाठी या दोन मागण्यांत तडजोड शक्य होती. दीड सेंटिमीटर मागे असणाऱ्यासाठी ती तडजोड आधीच हुकलेली होती.

१९५४चा लायका एम-३ या तडजोडीचं सर्वात देखणं रूप आहे. व्ह्यूफाइंडरचं विवर्धन ०.९१, म्हणजे जग जवळजवळ आहे त्याच आकाराचं. दोन्ही डोळे उघडे ठेवून काम करता यावं इतकं. ५०, ९० आणि १३५ मिलिमीटर लेन्सच्या चौकटी प्रकाशरेषांनी आखलेल्या, अंतराप्रमाणे आपोआप सरकणाऱ्या. पाया ६८.५ मिलिमीटर, त्याला ०.९१नं गुणलं की प्रभावी पाया सुमारे ६२. हे मॉडेल सव्वादोन लाखांच्या आसपास बनलं आणि त्याच्या व्ह्यूफाइंडरची थोरवी आजही कुणी नाकारत नाही. मीही नाकारत नाही. पण चष्मेवाल्याच्या बाजूनं हिशेब मांडला तर चित्र पालटतं. नंबर जुळवणारी कळ गेली. तिच्या जागी वेगळं विकत घ्यायचं, नेत्रिकेवर बसवायचं भिंग आलं. नेत्रिकेचं कडं धातूचं होतं आणि ते चष्म्याच्या काचेवर चरे पाडायचं. पुढे प्लॅस्टिकच्या हलक्या काचा रुळल्यावर तर जास्तच. एवढं सोसून प्रभावी पाया वाढला तो ५८वरून ६२वर.

कळ ठेवणं प्रकाशशास्त्राच्या दृष्टीनं अशक्य होतं का? खार्किव्हच्या कारखान्यातून १९५५मध्ये आलेल्या फेड-२मध्ये एकच नेत्रिका होती, पाया ६७ मिलिमीटरचा होता आणि रीळ गुंडाळण्याच्या बटणाखाली नंबर जुळवण्याची कळ होती. क्रास्नोगोर्स्कच्या झोर्की-४मध्येही ती होती आणि तो कॅमेरा लाखांच्या संख्येनं खपला. बांधणीच्या सफाईत हे कॅमेरे एम-३च्या जवळपासही जात नाहीत. तरीही शक्य-अशक्यतेच्या वादात त्यांची साक्ष पुरेशी आहे. जपानमध्ये कॅननची तोड आणखी चतुर होती: १९४९च्या दोन-बीपासून एकाच नेत्रिकेत कळ फिरवून विवर्धन ०.६७, १ किंवा १.५ करता येई. चौकटीसाठी लहान चित्र, फोकससाठी मोठं. चष्मेवाल्याला याहून सोयीचं काय हवं? पण त्यात प्रकाशरेषांच्या चौकटी नव्हत्या, आणि एम-३नं एकदा त्या दाखवल्यावर बाजाराला दुसरं काही नको झालं.

यावर पहिला आक्षेप असा की एवढा गहजब कशाला; नेत्रिकेवर आपल्या नंबराचं भिंग बसवावं, चष्मा खिशात टाकावा, प्रश्न मिटला. काहींचा खरोखरच मिटतो. पण लाइट्झची ही भिंगं अधिक-उणे तीन डायॉप्टरपर्यंतची, आणि ती फक्त गोलीय नंबर भरून काढतात. सिलिंडर नंबर असेल, म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसेल, तर ती निरुपयोगी ठरतात. सिलिंडरच्या काचेचा अक्ष ठरलेला असतो आणि कॅमेरा आडव्याचा उभा धरला की तो नव्वद अंशांनी चुकतो. जॉर्ज एअरीनं स्वतःच्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच १८२५च्या सुमारास करून घेतली होती, म्हणजे लायकाच्या जन्माच्या कितीतरी आधी हे ज्ञान उपलब्ध होतं. पण चष्म्याची फ्रेम डोक्याबरोबर सरळ राहते, नेत्रिका कॅमेऱ्याबरोबर फिरते. शिवाय चष्मा खिशात गेला की उरलेलं जग धूसर होतं. रस्त्यावर फोटो काढणारा प्रसंग आधी उघड्या डोळ्यांनी हेरतो, मग कॅमेरा उचलतो. मोठा मायनस नंबर असलेल्यानं चष्मा काढून काय हेरायचं? कॉन्टॅक्ट लेन्स हे खरं उत्तर आहे, पण ज्यांच्या डोळ्यांना त्या सोसतात त्यांच्यापुरतंच. आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बाजारात रुळल्या त्या सत्तरच्या दशकात, एम-३चं उत्पादन थांबल्यानंतर.

चाळिशीबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. व्ह्यूफाइंडर डोळ्याला चिकटलेला असतो म्हणून त्यात जवळचा, म्हणजे वाचायचा, नंबर लागतो असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात लायका एमची नेत्रिका उणे अर्ध्या डायॉप्टरला बांधलेली असते. चौकट आणि देखावा डोळ्याला सुमारे दोन मीटरवर असल्यासारखे दिसतात. तेव्हा फक्त वाचायचा चष्मा असलेल्या माणसाला तो उतरवून पाहिलं तर बहुधा चांगलं दिसतं. त्याची पंचाईत होते ती लेन्सवरचे आकडे आणि वेगाची चकती वाचताना. चाळिशीवाल्याला व्ह्यूफाइंडर सोपा आणि कॅमेरा अवघड, तर तरुण मायनस नंबरवाल्याला नेमकं उलटं.

एम-३चा ताण लाइट्झला स्वतःलाही जाणवला होता, याचा पुरावा त्यांच्याच लेन्समध्ये आहे. ३५ मिलिमीटरची चौकट ०.९१च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मावत नव्हती, म्हणून एम-३साठीच्या ३५ मिलिमीटर लेन्सवर दोन काचांची एक जोडगोळी बसवली गेली. ती कॅमेऱ्याच्या खिडक्यांपुढे येऊन प्रतिमा लहान करायची. म्हणजे माणसाच्या चष्म्याला जागा नाही म्हणून कॅमेऱ्यालाच चष्मा! मग १९५७-५८मध्ये एम-२ आला, विवर्धन ०.७२, त्यात ३५ची चौकट सहज बसली. पुढची चार दशकं हाच आकडा प्रमाण राहिला. इथे थोडं गणित उपयोगी पडतं. चौकटीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नजर किती अंश फिरवावी लागते हे लेन्स आणि विवर्धनावरून काढता येतं. एम-३मध्ये ५०ची चौकट सुमारे ३६ अंश भरते, एम-२मध्ये ३५ची ४१ अंश. १९८०च्या सुमारास एम-४पीमध्ये त्याच ०.७२च्या खिडकीत २८ मिलिमीटरची चौकट टाकली गेली, ती जवळजवळ ५० अंश भरते. ३६ अंशांवरच ज्याची ओढाताण सुरू होते त्याला ५० अंशांची चौकट दाखवणं म्हणजे ती न दाखवण्यासारखंच. नव्या लेन्सचं गिऱ्हाईक वाढावं म्हणून चौकटी वाढत गेल्या. खिडकी तेवढीच राहिली.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे: चष्मेवाल्यानं रेंजफाइंडरचा हट्ट सोडावा, एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच देखावा दाखवणारा कॅमेरा, घ्यावा. साठच्या दशकापासून जगानं तेच केलं, हे खरं. पण एसएलआरनं ही अडचण सोडवली असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. निकॉनला १९८०च्या एफ-३नंतर दोनच वर्षांत एफ-३ एचपी काढावा लागला. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधला सगळा देखावा नेत्रिकेपासून २५ मिलिमीटरवरून दिसायचा आणि त्यासाठी विवर्धन ०.८वरून ०.७५वर आणावं लागलं. सौदा तोच, फक्त बाजार वेगळा. फोकसच्या बाबतीत तर रेंजफाइंडर चष्मेवाल्याला झुकतं माप देतो. एसएलआरच्या पडद्यावर प्रतिमा धूसर दिसली तर धूसरपणा लेन्सचा की डोळ्याचा, हे नंबर असलेल्याला चटकन कळत नाही. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की नाही एवढंच पाहायचं असतं आणि त्या थोड्या धूसर असल्या तरी त्यांच्यातली फट ओळखता येते. म्हणूनच इतक्या जाचातूनही चष्मेवाले या कॅमेऱ्याला धरून राहिले, केवळ हौसेपोटी नव्हे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. रेंजफाइंडरची चौकट तशीही अंदाजेच असते, दूरच्या दृश्यात फिल्मवर चौकटीबाहेरचंही येतं. मग कोपरे नाही दिसले तर बिघडलं कुठे? आक्षेपातलं तथ्य मान्य आहे, निष्कर्ष नाही. या कॅमेऱ्याचा सर्वात मोठा गुण म्हणून जे सांगितलं जातं ते चौकटीच्या बाहेरचं दिसणं: माणूस चौकटीत शिरण्याआधीच दिसतो आणि बटण कधी दाबायचं ते ठरवता येतं. चष्मेवाल्याला कोपरेच दिसत नसतील तर बाहेरचं दिसण्याचा प्रश्नच येत नाही. चौकट अंदाजानं धरून फोटो चांगले येतीलही, पण ज्या गुणासाठी एवढी किंमत मोजायची तो गुण त्याच्या वाट्याला येत नाही.

लाइट्झ, म्हणजे नंतरची लायका कंपनी, यांनी सौद्याची दुसरी बाजू उघडपणे विकायला काढली ती २०००च्या सुमारास, ०.५८ विवर्धनाचा एम-६ टीटीएल काढून. गणित पुन्हा केलं तर २८ची चौकट इथे ४१ अंशांत बसते, एम-२मधल्या ३५ इतकीच. प्रभावी पाया मात्र ४०वर घसरतो. नॉक्टिलक्ससारख्या एफ-१ भोकाच्या लेन्सला तो अपुरा आहे, म्हणून दुसऱ्या टोकाला ०.८५चा पर्यायही होता. गिऱ्हाइकानं आपल्या डोळ्यांप्रमाणे कॅमेरा निवडायचा. हे प्रामाणिक होतं, पण शोध नवा नव्हता. मिनोल्टाच्या सीएलईचं विवर्धन १९८०च्या दशकाच्या तोंडालाच याच घरातलं होतं आणि कोनिकाच्या हेक्सार आरएफचं १९९९मध्ये ०.६. जपानच्या कोसिना कारखान्यानं मग दोन्ही टोकं गाठली: बेसा आर-३एमध्ये पूर्ण एकास एक विवर्धन आणि २१ मिलिमीटरची चौकट असलेल्या आर-४मध्ये ०.५२.

याच कोसिनानं झाइससाठी बनवलेला, २००४मध्ये जाहीर झालेला झाइस इकॉन नावाचा कॅमेरा या सगळ्या इतिहासात मला सर्वात बोलका वाटतो. विवर्धन ०.७४, पाया ७५ मिलिमीटर, प्रभावी पाया ५५ मिलिमीटरच्या वर, आणि तरीही मोठ्या काचांमुळे चष्मेवाल्यांना एमपेक्षा सैल वाटणारी खिडकी. म्हणजे पाया आणि देखावा यांच्यातली ओढाताण निसर्गनियमाइतकी कठोर नव्हती. काच मोठी करायची, अंग थोडं रुंद करायचं, एवढी तयारी असेल तर ती बरीच सैल होत होती. लायकानं ते २०१७च्या एम-१०मध्ये केलं: विवर्धन ०.७३, देखावा तीस टक्क्यांनी मोठा आणि डोळा मागे ठेवण्याची मुभा पन्नास टक्क्यांनी जास्त. तिन्ही आकडे एकाच वेळी सुधारले. एम-३च्या काळात अशा काचा आणि त्यांची घडण परवडली नसती असं कुणी म्हणेल आणि १९५४पुरतं ते मान्यही करता येईल. १९८४च्या एम-६बद्दल, आणि त्याहून अधिक २००२च्या एम-७बद्दल, तोच बचाव मला पटत नाही. बाकी नंबर जुळवण्याची कळ एम-१०मध्येही परतली नाही. सुधारक भिंग अजूनही वेगळंच घ्यावं लागतं, आणि नेत्रिकेचा आकार बदलल्यामुळे आधीच्या एमसाठी घेतलेली भिंगं तिला बसत नाहीत.